मालनला हरायचं होतं

गेले दोन आठवडे मालनने आपल्या मुलाला सळो की पळो करून सोडलं होतं. रोज सकाळी डोंबिवलीहून घोडबंदर रोडला फोन जायचा. पहिला प्रश्न नाश्ता झाला का, दुसरा सूनबाई बरी आहे ना, आणि तिसरा, ज्याच्यासाठी पहिले दोन विचारलेले असायचे, तो म्हणजे, "ती बोटवाली गेम झाली का रे चालू?"

"आई, मी मानपाड्याच्या सिग्नलला अडकलोय," सुदेश म्हणायचा. "ऑफिसला तर पोचू दे."

"तू पोच सावकाश. लग्न काय तुझ्यासाठी थांबणार नाहीये."

लग्न अलिशाचं होतं. अलिशा म्हणजे मालनच्या मैत्रिणीची, कोलशेतच्या लुर्दसची धाकटी. तिच्या लग्नाचा आणि वीस वर्षांपूर्वीच्या एका कॉम्प्युटर गेमचा काय संबंध, हे कळायचं तर थोडं मागे जायला हवं.

कोलशेतच्या एका औषधांच्या कंपनीत मालन आणि लुर्दस पॅकिंगला एकाच टेबलावर होत्या. लुर्दस गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायची, मालन खोकी चिकटवायची, आणि दोघींची तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची. कंपनीने जुने कॉम्प्युटर काढून टाकले तेव्हा मालनने त्यातला एक घरी नेला, सुदेशच्या अभ्यासासाठी. त्यावर अभ्यास किती झाला ते सुदेशलाच ठाऊक. शनिवारी मात्र कामाचा अर्धा दिवस असायचा, तेव्हा लुर्दस लहानग्या अलिशाला घेऊन डोंबिवलीला यायची आणि दोघी बाया त्या कॉम्प्युटरसमोर मांडीला मांडी लावून बसायच्या. सुदेशने फडके रोडवरून एक सीडी आणलेली. तिच्यावरचं नाव इतकं पुसट होतं की कुणालाच कधी वाचता आलं नाही, म्हणून ती बोटवाली गेम. एक नदी, दोन बोटी आणि दोघींत मिळून एक कीबोर्ड. डावीकडच्या अक्षरांवर मालनचा डावा हात, तिची बोट लाल. उजवीकडच्या बाणांवर लुर्दसचा उजवा हात, तिची बोट हिरवी.

तो कॉम्प्युटर थकलेल्या बैलासारखा होता. नदीवर पूल आला की त्याला दम लागायचा आणि चित्र क्षणभर जागच्या जागी थिजायचं. दोघींनी त्या थांब्याचीही सोय करून घेतली होती. लुर्दसचा बाप मासे मारायचा. पुलाखाली पाण्याला भोवरा असतो म्हणून खाडीत पुलाखालून होडी नेताना तो क्रूसाची खूण करायचा. लुर्दसची हिरवी बोट पुलाखाली आली की तीही बाणांवरचा हात उचलून कपाळ, छाती, एक खांदा, दुसरा खांदा अशी खूण करून घ्यायची. मालन तेवढ्यात अक्षरांवरचा हात उचलून डाव्या खांद्यावरचा पदर सारखा करायची. मग चित्र हलायचं आणि दोघी पुन्हा एकमेकींवर तुटून पडायच्या.

भारी कोण, हे काही ठरत नव्हतं. तेव्हा एका शनिवारी पैज लागली. लुर्दस हरली तर तिने मालनच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायकांसमोर नवऱ्याचं, सिरिलचं, नाव उखाण्यात घ्यायचं. मालन हरली तर तिने अलिशाच्या लग्नात पाण्याला नाचायचं. लुर्दसच्या लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी भरून आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. जाताना-येताना चौकड्यांची लुगडी नेसून सगळ्या नाचतात, अगदी सत्तरीच्या आज्यासुद्धा. पैज लागली, खेळ रंगात आला, आणि त्या कॉम्प्युटरच्या पाठीतून धूर निघाला.

"जाऊ दे गो," लुर्दस म्हणाली, "अलिशाच्या लग्नाला अजून टाइम हाय." अलिशा तेव्हा पहिलीत होती.

आता आतली गोष्ट सांगायला हरकत नाही. मालनला ही पैज हरायची होती. लुर्दसच्या भाचीच्या लग्नात तिने एकदा ते पाणी पाहिलं होतं. बँड वाजत होता, धुळीत पाय नाचत होते, आणि मालन मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सगळ्यांच्या पर्सा मांडीवर घेऊन बसली होती. लुर्दसने येऊन "चल गो" म्हटलं. मालन म्हणाली, "नको गं." तिच्या साताऱ्याकडच्या गावी रीतच तशी. बाईमाणसाने तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा कुणी हाताला धरून ओढलं की लाजत उठायचं. कोलशेतची माणसं सरळ. नको म्हणाली म्हणजे नको असेल, असं समजून ती निघून गेली.

मालनचे पाय खुर्चीखाली ताल धरून होते. लहानपणी पंचमीच्या फुगडीत तिच्यासमोर टिकेल अशी मुलगी गावात नव्हती, आणि लग्न झाल्यापासून ती एकदाही नाचली नव्हती. त्या संध्याकाळी तिला रडू आलं, ते तिने मोयाच्या, म्हणजे लग्नातल्या कालवणाच्या, चुलीच्या धुरावर ढकललं. म्हणून ही पैज तिला देवाने धाडल्यासारखी वाटली होती. हरलेल्या माणसाला नको म्हणायची सोय नसते, आणि मला नाचायचंय असं स्वतःच्या तोंडाने सांगावं लागत नाही. फक्त ती गेम चालू व्हायला हवी होती.

रविवारी सुदेश लॅपटॉप घेऊन डोंबिवलीला आला. सीडीतलं सगळं त्याने आधीच लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं. पडद्यावर नदी आली, दोन बोटी आल्या आणि मालनचे डोळे चमकले. मग बोटी निघाल्या. लाल बोट एकदम पुढे उडी मारून गेली, पुन्हा मागे आली, पुन्हा पुढे. हिरवी जागच्या जागी थरथरली आणि काठावर चढून बसली.

मालनचे यजमान सहदेव पेपरवरून डोकावले. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात उभी हयात गेल्यामुळे बिघडलेलं यंत्र दिसलं की ते खुलायचे. "खलाशी प्यायलेला दिसतोय," ते म्हणाले.

"गेम जुनी आहे ना, बाबा," सुदेश म्हणाला. "ती बनवली तेव्हा कॉम्प्युटरला एकच प्रोसेसर असायचा. आता यात आठ आहेत. विंडोज तिला कधी ह्याच्याकडे सोपवतं, कधी त्याच्याकडे. ही वेळ मोजते ज्याच्याकडे असेल त्याच्या घड्याळावर, आणि आठांची घड्याळं तिच्या हिशेबाने जुळत नाहीत. एकाकडून दुसऱ्याकडे गेली की तिला वाटतं वेळ मागे गेली. मग बोट मागे."

"म्हणजे आठ जावा आणि एक कढई," मालन म्हणाली. "एकीने मीठ घातलं ते दुसरीला माहीत नाही."

"बरोबर. म्हणून आता ही कढई एकाच जावेकडे. बाकी सातजणी स्वयंपाकघराच्या बाहेर."

त्याने कुठल्याशा खिडकीत जाऊन आठ खुणांमधल्या सात काढल्या. बोटींचं मागे-पुढे थांबलं, पण आता त्या इतक्या जोरात सुटल्या की मालनने पापणी लववेपर्यंत शर्यत संपली. एकटी जाऊसुद्धा भलतीच चपळ निघाली होती. मग सुदेशने तिला वेसण घातली, सेकंदाला अमुक एवढीच चित्रं दाखवायची म्हणून, आणि हे सगळं दर वेळी करावं लागू नये यासाठी एक बटण करून ठेवलं. तिसऱ्यांदा बोटी निघाल्या त्या मात्र अलगद, पाण्यावरून जाव्यात तशा.

"पुढे बघायचं का? पहिला पूल येतोय."

"नको, नको, बंद कर," मालन म्हणाली. "मी घरी सराव केला असं लुर्दसने म्हणायला नको." तिला इतका आनंद झाला होता की तिने त्याच भरात सांजा टाकला आणि त्यात साखर दोनदा घातली.

सहदेवांनी पहिला घास घेतला. "एकाच जावेनेही दोनदा घातली की," ते म्हणाले.

सामना लग्नाच्या आधीच्या रविवारी, लुर्दसच्या घरी कोलशेतला ठरला. अंगणात मांडवाचे बांबू पडले होते, आतमध्ये फुग्यांसाठी, म्हणजे लग्नातल्या गोल तळलेल्या पावांसाठी, पीठ भिजवण्यावरून दोन काकवांचं वाजलं होतं, आणि या सगळ्यात सुदेशने लॅपटॉप टीव्हीला जोडला. दोघी एका बाकावर बसायला गेल्या. वीस वर्षांपूर्वी त्याच मापाच्या बाकावर दोघींमध्ये अलिशाही मावायची. आता दोघीच बसल्या तरी लुर्दसचा अर्धा देह बाहेर होता.

"तू जाडी झालीस गो," लुर्दस म्हणाली.

"बाक आटलाय," मालन म्हणाली.

तीन फेऱ्या ठरल्या. बोटी सुटल्या. मालनने पक्कं ठरवलं होतं की हरायचं, पण अगदी शेवटी, कुणाला संशय येणार नाही असं. खेळ इतका छान चालला होता की दोघींच्या तोंडून कौतुक निघालं. आणि मग पहिला पूल आला.

लुर्दसचा हात आपोआप बाणांवरून उठला आणि कपाळाकडे गेला. मालनचा हात पदराकडे गेला. पण चित्र थांबलं नाही. आता त्याला दम लागत नव्हता. दोन्ही बोटी, ज्यांच्या सुकाणूवर कुणीच नव्हतं, सरळ जाऊन पुलाच्या दोन खांबांवर आपटल्या.

घरात हशा पिकला. "मम्मी, आधी बोट, मग प्रेयर," अलिशा म्हणाली.

"गप गो. मुद्दाम काय करते मी?" लुर्दसने बोट सोडवली आणि कशीबशी पहिली फेरी मारली. दुसऱ्या फेरीत तिने ओठ घट्ट मिटून घेतले, जसा काही हात तोंडाने धरता येतो. पूल आला, हात उठला, बोट आपटली. मालनने पदराचा मोह आवरला आणि सवयीने जिंकून गेली. जिंकल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हे काय करून बसलो.

एक-एक झाली. तिसऱ्या फेरीच्या आधी लुर्दसने अलिशाला सांगितलं, "माझा हात उठला की चिमटा काढ." मालनने मात्र उलटं ठरवलं. शेवटच्या पुलाखाली हातच उचलायचा, निवांत पदर नीट करायचा, बोटीला खांबावर जाऊ द्यायचं. सगळे म्हणतील, बिचारी, सवय.

पहिला पूल गेला. लुर्दसचा हात उठला, अलिशाने चिमटा काढला, हात खाली आला. दुसरा पूल गेला. हिरवी बोट चांगली दोन हात पुढे होती. शेवटचा पूल दिसला आणि त्याच्या पलीकडे शर्यत संपायची पांढरी रेघ. जिंकल्यातच जमा, हे लुर्दसला दिसलं, आणि एवढं देणाऱ्या देवाचे आभार मानल्याशिवाय तिला पुढे जाववेना. अलिशा चिमटा काढतच राहिली. लुर्दसने कपाळ, छाती, दोन्ही खांदे, सगळं साग्रसंगीत केलं आणि शेवटी बोटांचं चुंबनही घेतलं. हिरवी बोट खांबावर जाऊन उलटी झाली.

मागे लाल बोट होती. मालन पदराच्या निऱ्या करण्यात गुंतली होती, कीबोर्डवर तिचा हातच नव्हता. पण नदीला धार असते, गेममधल्या नदीलाही. त्या धारेने लाल बोट हळूच वळली, दोन खांबांच्या बरोब्बर मधून गेली आणि तरंगत तरंगत रेघेकडे निघाली. मालनने घाबरून हात खाली टाकला आणि सापडेल ते अक्षर दाबलं. बोटीने भोंगा दिला आणि रेघ ओलांडली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोबत आलेल्या सहदेवांनी तर शिट्टी मारली. मालनला मिठाईच्या दुकानात उपास आठवल्यासारखं झालं. तिने हसू आणलं, ते फार वेळ टिकेना.

लुर्दसचंही तोंड उतरलं होतं, आणि ते उखाण्यामुळे नव्हतं. ती आत गेली, कपाटातून एक पिशवी काढून घेऊन आली आणि मालनच्या मांडीवर उघडली. कोरं लुगडं होतं, लाल-हिरव्या चौकड्यांचं, कडक खळीचं.

"तुझ्यासाठी आणून ठेवलेलं," लुर्दस म्हणाली. "माना वाटलेलं मीच जिंकणार. आता ऱ्हावू दे. पैज म्हणजे पैज." तिने लुगड्याची घडी सारखी केली, पिशवीत घातलं आणि परत आत नेलं. मालनची बोटं मांडीवर त्या खळीचा खरखरीतपणा अजून चाचपत होती.

घरी जाताना गाडीत तिने सुदेशला विचारलं, "तो पुलाखालचा थांबा परत आणता येईल का रे? म्हणजे आमची गेम तशी होती. खरं तर हा सामना धरायलाच नको."

"आई, तू जिंकलीयस."

"तरी पण."

सुदेशने प्रयत्न केला, नाही असं नाही. आठही जावांना स्वयंपाकघरात घेऊन पाहिलं, वेसण ढिली केली, आवळली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "नाही जमत, आई. तुझा जुना कॉम्प्युटर पुलाचं चित्र शोधायला थांबायचा. ह्याला शोधावंच लागत नाही. खोटा थांबा घातला तर तो भलतीकडेच येतो. आता ही गेम तिथे अडणारच नाही."

"बरं," मालन म्हणाली. तिने फोन ठेवला. चौथ्यांदा हाताला धरून ओढणारं कुणी आता यायचं नव्हतं.

पाण्याच्या संध्याकाळी मांडव माणसांनी भरला होता. मालन ठेवणीतली पैठणी नेसून आली. लुर्दसने तिला बघितलं, बँडवाल्यांना हाताने थांबवलं आणि ओट्यावर चढली.

"हळदीकुंकू जानेवारीत. तवर कोण थांबतंय," ती म्हणाली. "मी पैज हरलेय, तर सगळ्यांसमोर घेते."

"खाडीवरच्या पुलाखाली वाहतो गार वारा,
सिरिलचं नाव घेते, पोरांनो, बँड वाजवा जरा."

सिरिल लाजून मोयाच्या चुलीकडे पळाला. व्याह्यांकडच्या बायकांनी हसून हसून दुसरा उखाणा मागितला. मग बँड सुरू झाला, नवरीच्या मावश्या-आत्यांनी घागरी उचलल्या आणि अंगणातून मिरवणूक निघाली. जाता जाता एकीने खुर्चीवर बसलेल्या मालनच्या मांडीवर पर्स ठेवली, "बघशील ना गो?" दुसरीने ठेवली. तिसरीने मोबाईल, चष्मा आणि पर्स असं तिन्ही ठेवलं. लुर्दसने लांबूनच तिच्याकडे पाहून हात केला. पैज जिंकलेल्या बाईला नाचायला लावणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

बँड फाटकापर्यंत गेला. मालनचे पाय खुर्चीखाली सुरू झाले होते. तिला मनातल्या मनात सगळं आधी दिसलं. मिरवणूक विहिरीवर जाईल, परत येईल, पर्सा नेल्या जातील, छान झालं हं सगळं, असं म्हणून आपण डोंबिवलीला जाऊ. अलिशानंतर लुर्दसच्या घरी लग्नाचं कुणी उरलं नव्हतं. मालनला हे इतकं असह्य झालं की ती उठलीच.

"धरा," तिने सगळ्या पर्सा सहदेवांच्या मांडीवर ओतल्या.

"अगं, कुठे निघालीस?"

पैठणी घोट्याच्या वर धरून मालन फाटकाकडे धावली. लग्नाच्या मांडवात बाईने असं धावणं तिच्या आईला मुळीच आवडलं नसतं. तिने लुर्दसचा दंड धरला. बँडच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून तिला ओरडावं लागलं, आणि नेमका तेव्हाच बँडने गाणं संपवलं. त्यामुळे मालनचं वाक्य अख्ख्या गल्लीने ऐकलं.

"मला लुगडं नेसव. मला नाचायचंय."

लुर्दस म्हणाली, "पण तू तर जिंकलीस."

"मग जिंकलेल्याला हवं ते मिळायला नको का?"

"हे तुला वीस वर्सं सांगता येत नव्हतं?"

"नव्हतं येत," मालन म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. या वेळी तिने ते कुठल्याच धुरावर ढकललं नाही. लुर्दसनेही रडून घेतलं. मग तिने बँडवाल्यांना हुकूम सोडला की जागचं हलायचं नाही, आणि मालनला ओढत घरात नेलं. कोरं लुगडं मालनच्या अंगावर बसेना. अलिशा, जिच्या लग्नाचा हा सगळा खटाटोप होता, तीच खाली बसून काष्टा ओढत होती. बाहेर बँडवाले सरबत प्यायले.

मालन बाहेर आली. गुडघे कुरकुरले, पहिली दोन पावलं चुकली, तिसरं लुर्दसच्या पायावर पडलं. मग पंचमीच्या फुगडीतलं काहीतरी तिच्या टाचांना आठवलं. सुदेशने मोबाईल काढला आणि पुन्हा खिशात ठेवला, कारण त्याला नीट बघायचं होतं. आपली आई अशी दिसते हे त्याला माहीत नव्हतं. सहदेव सगळ्या पर्सा छातीशी धरून खुर्चीवर उभे राहून बघत होते.

विहिरीवर पोचल्यावर पाणी भरायचं म्हणून बँड थांबला. घागरी भरायला लागल्या. मालन मात्र थांबली नाही. लुर्दसने तिला दोनदा हाक मारली, मग नाद सोडला, आणि बँडवाल्यांना पुन्हा वाजवायला सांगितलं.